गंजलेल्या एमजीबीला किती पैसे मोजावेत?

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला हौसेखातर जुनी, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार घ्यावीशी वाटली, की शोध बहुतेक वेळा एमजीबीपाशी येऊन थांबतो. त्यात नवल नाही. १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात ही गाडी तयार होत होती आणि उघडी रोडस्टर व बंद छपराची जीटी मिळून पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या. त्यामुळे विकाऊ गाड्या भरपूर, त्या ओळखणारे मिस्त्री भरपूर, आणि सुटे भाग तर दरवाज्याच्या रबरापासून गालिच्यापर्यंत आजही नवे मिळतात. ब्रिटिश मोटर हेरिटेज १९८८ पासून या गाडीची अख्खी बॉडीसुद्धा नव्याने बनवते.

याच सोयीमुळे माणसं फसतात. सगळे भाग मिळतात, म्हणजे गाडी स्वस्तात उभी राहील, असं मनात पक्कं बसतं. मग कुणाच्या तरी शेडमध्ये दहा-पंधरा वर्षं पडून असलेली गाडी दिसते, विक्रेता सांगतो ‘थोडं वेल्डिंग बाकी आहे’, किंमत आवाक्यातली वाटते आणि ट्रेलर दारात येऊन उभा राहतो. पुढचा खर्च मात्र गाडीच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. म्हणून हा लेख फक्त एका प्रश्नाबद्दल आहे: समोर उभ्या असलेल्या, काम मागणाऱ्या एमजीबीला जास्तीत जास्त किती द्यायचे?

हिशेब शेवटाकडून सुरू करा

विक्रेत्याने आकडा सांगितला, की आपण त्यातून काहीतरी कमी करायला लागतो. इथेच चूक होते, कारण तो आकडा त्याच्या आठवणींवर, त्याने आजवर केलेल्या खर्चावर किंवा शेजाऱ्याच्या चकचकीत गाडीच्या किमतीवर ठरलेला असतो. त्याचा तुमच्या कामाशी संबंध नाही.

तुमचा आकडा असा निघतो: काम पूर्ण झाल्यावर ही गाडी बाजारात कितीला जाईल, त्यातून सगळं काम करायला लागणारा खर्च वजा करा, त्यातून न दिसलेल्या कामाची तरतूद वजा करा. उरेल ती तुमची कमाल किंमत. एमजीबीच्या बाबतीत ही रक्कम पुष्कळदा शून्याच्या खाली जाते आणि तरी लोक गाड्या घेतात, उभ्या करतात आणि आनंदाने चालवतात. हौसेला मोल नाही म्हणतात ते खरं. पण गाडी घ्यायच्या आधी हौसेचं मोलही आकड्यात लिहून ठेवावं. या छंदावर मी जाणूनबुजून किती पैसे घालवायला तयार आहे, हा आकडा घरच्यांशी बोलून ठरवा आणि वरच्या वजाबाकीत मिळवा. एवढी शिस्त पाळली, तर नंतर ना मनस्ताप होतो ना घरात भांडण.

नेमकी कोणती एमजीबी आहे?

तयार गाडीची किंमत प्रकारानुसार खूप बदलते, म्हणून आधी ओळख पटवा. चासी नंबरची सुरुवात बघा. ‘जीएचएन’ असेल तर रोडस्टर, ‘जीएचडी’ असेल तर जीटी. पुढचा ३ हा आकडा पहिल्या मालिकेचा, ४ हा १९६७ पासूनचा, ५ हा १९६९ च्या अखेरीनंतरचा. त्यापुढे ‘यू’ अक्षर आलं तर ती अमेरिकेसाठी बनलेली गाडी, म्हणजे मूळची डाव्या हाताच्या स्टिअरिंगची. आज स्टिअरिंग उजवीकडे दिसत असेल तर ते बदलाचं काम कुणी आणि कसं केलं, हे विचारायलाच हवं. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून पैसे भरून हेरिटेज प्रमाणपत्र मिळतं. त्यात गाडी कधी बनली, कोणत्या देशासाठी बनली, मूळ रंग कोणता होता, हे कारखान्याच्या नोंदींवरून लिहिलेलं असतं.

मग बंपर. १९७४ च्या शरद ऋतूपर्यंत क्रोमचे बंपर होते. त्यानंतर अमेरिकेच्या नियमांसाठी काळे रबरी बंपर आले आणि गाडी जमिनीपासून उंच केली गेली. बाजार क्रोमवाल्या गाडीला जास्त भाव देतो. गंज मात्र दोघींना सारखाच लागतो आणि सारखेच पैसे खातो. जीटीचंही तसंच आहे. पत्र्याचं काम रोडस्टरइतकंच, किंबहुना मागचं मोठं दार आणि छत धरलं तर थोडं जास्तच, पण तयार जीटी सहसा रोडस्टरपेक्षा कमी किमतीला जाते. म्हणून कुजलेली रबर बंपरची जीटी हा पैशाच्या दृष्टीने सगळ्यात अवघड सौदा. मला स्वतःला जीटीचा आकार फार आवडतो, इंग्लंडच्या पावसात ती जास्त उपयोगाचीही आहे. पण जीटी घ्यायची तर पत्रा चांगला असलेलीच घ्यावी.

दोन भावंडं वेगळी मोजायची. १९६७ ते १९६९ मधली सहा सिलिंडरची एमजीसी आणि १९७३ ते १९७६ मधली रोव्हरच्या ३,५२८ सीसी इंजिनाची जीटी व्ही८. व्ही८ कारखान्यातून जेमतेम २,५९१ निघाल्या. या दोन्हींना तयार झाल्यावर भाव जास्त, पण त्यांचे खास भाग एमजीबीइतक्या सहज मिळत नाहीत. तिथे एखादा भाग हरवलेला असणं महागात पडतं. साध्या एमजीबीत हरवलेला भाग ही मोठी अडचण नसते.

तयार गाडीचा भाव काढताना जाहिरातीतले आकडे धरू नका. त्या मागण्या असतात. लिलावांचे निकाल बघा, त्याच प्रकारच्या आणि साधारण त्याच सालच्या गाड्या खरोखर कितीला गेल्या ते लिहा, आणि लिलावगृहाचं कमिशन त्या आकड्यात धरलंय की नाही तेही तपासा. मग सगळ्यात वरचा निकाल बाजूला ठेवून मधला धरा. वरचे भाव नामांकित कारागिरांच्या हातून गेलेल्या, कामाचे फोटो आणि पावत्यांची जाड फाईल असलेल्या गाड्यांना मिळतात. आपण घरच्या गॅरेजमध्ये मन लावून केलेली गाडी सुंदर असते, पण बाजार तिला मधलाच भाव देतो.

पैसे पत्र्यात जातात

एमजीबीला वेगळी चासी नाही. बॉडी हाच सांगाडा. त्यात दारांखालून जाणारे दोन्ही बाजूंचे सिल म्हणजे गाडीचा कणा, आणि रोडस्टरला छत नसल्याने सगळा भार त्यांच्यावरच. हा सिल एकच पत्रा नसतो. बाहेरचा पत्रा, मधे उभा पत्रा, आतला पत्रा आणि खाली कॅसल सेक्शन नावाची घडीची पट्टी, असे थर एकमेकांना जोडलेले असतात. पाणी आत शिरतं, बाहेर पडत नाही आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर फोड दिसेपर्यंत मधला पत्रा बहुतेक गेलेला असतो.

बाहेरचा सिल फक्त दाराच्या लांबीइतका नसतो, हे फार महत्त्वाचं आहे. तो पुढे मडगार्डच्या आत आणि मागे मागच्या मडगार्डखाली जातो. नीट काम करायचं तर पुढचं मडगार्ड काढावं लागतं, मागच्याचा खालचा भाग कापून पुन्हा बसवावा लागतो, आणि दाराची चौकट वाकू नये म्हणून आधी लोखंडी आधार वेल्ड करावा लागतो. हे सगळं टाळून जुन्या सिलवर नुसता नवा पत्रा चढवतात. बाहेरून तो छान दिसतो. म्हणून खाली झोपून बघा. कॅसल सेक्शन संपूर्ण लांबीत स्पष्ट आणि सरळ दिसतो का? की त्याच्यावर पत्रा ओढून, अंडरसील नावाचा काळा गंजरोधक लेप फासून सगळं सपाट केलंय? सपाट असेल तर सिलचं पूर्ण काम धरा, विक्रेता काहीही म्हणो.

दारांच्या फटी हा दुसरा पुरावा. दाराच्या मागच्या कडेची फट वर आणि खाली सारखी हवी. रोडस्टर मधून खचली असेल तर वरची फट आवळलेली दिसते. विक्रेत्याची परवानगी घेऊन, जॅकिंग पॉइंट मजबूत असेल तरच, त्या बाजूने गाडी जॅकवर थोडी उचला आणि दार उघडून बंद करून बघा. फट बदलली किंवा दार अडकलं, तर सांगाड्याची ताकद गेली. जॅकिंग पॉइंटचा पत्रा हाताने दाबल्यावर करकरला तर जॅक लावूच नका, तो सिलमध्ये घुसेल. तसंही त्या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं असतं. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच जाऊ नका. स्टँड सोबत न्या.

मग बाकीच्या जागा. पुढच्या चाकामागे मडगार्डच्या आत चिखल साठतो, त्यामुळे मडगार्डचा वरचा भाग आणि दारालगतची खालची कड आतून कुजते. पुढचं मडगार्ड बोल्टने बसतं, बदलता येतं, त्यामुळे त्याचा खर्च मोजता येतो. विंडस्क्रीनच्या खालचा भाग आणि दाराचा खांब कुजला असेल तर मात्र तो खर्च मोजणं कठीण, कारण डॅशबोर्ड, काच, वायरिंग सगळं काढल्याशिवाय तिथे पोचता येत नाही. सीटच्या मागचं झाकण उचलून बॅटरीच्या पेट्या बघा. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत तिथे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या बसायच्या आणि ॲसिडने त्या पेट्या खाल्ल्या जायच्या. पेटी स्वस्त आहे, पण तिच्या भोवतीचा पत्रा, मागच्या पाट्यांचे पुढचे आधार आणि आतली चाकाची कमान तपासा. दाराच्या वरच्या कडेला, छोट्या तिकोनी काचेच्या बुडाशी उभी चीर दिसेल. ती या गाडीची जुनी खोड आहे, घाबरायचं कारण नाही, पण दुरुस्तीत रंगाचं काम आलंच.

लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून खिशात ठेवा आणि चाकांच्या कमानींवर, मडगार्डच्या खालच्या भागावर, सिलवर फिरवा. जिथे चुंबक सुटतो तिथे पुट्टी भरलेली आहे. बॉनेटवर तो चिकटला नाही तर मात्र विक्रेत्याला दोष देऊ नका. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीआधीच्या बऱ्याच गाड्यांचं बॉनेट ॲल्युमिनियमचं आहे, आणि ते मूळचं असेल तर ती जमेची बाजू.

ताज्या रंगाच्या गाडीबद्दल मी सगळ्यात सावध असतो. उडालेला, फिका, पण मूळचा रंग खरं सांगतो. नव्या रंगाखाली काय आहे, हे फक्त कामाच्या वेळच्या फोटोंवरून कळतं. फोटो नसतील तर त्या रंगाला काहीच किंमत देऊ नका, कारण तो बहुधा पुन्हा करावा लागणार आहे.

इंजिनाला घाबरू नका

नवशिका ग्राहक किल्ली फिरवून इंजिन सुरू झालं की खूश होतो, आणि विक्रेत्यालाही ते माहीत असतं. पण एमजीबीत इंजिन हा हिशेबाचा सोपा भाग आहे. १,७९८ सीसीचं ओतीव लोखंडी बी-सिरीज इंजिन साधं आहे, दुरुस्त केलेलं बदलून मिळतं, आणि त्याची किंमत फोनवर ताबडतोब कळते. जाम झालेलं इंजिन म्हणजे एक ठरलेली रक्कम. कुजलेला सिल उघडल्यावर आत किती निघेल, हे कुणीच सांगू शकत नाही.

तरी बघावं. इंजिन चालत असेल तर गरम झाल्यावर तेलाचा दाब रस्त्यावरच्या वेगात ५० पीएसआयच्या आसपास किंवा वर हवा, गाडी उभी असताना इंजिन नुसतं मंद फिरत असेल तेव्हा तो खाली आला तरी चालतो. दुसऱ्या गिअरमधून गाडी स्वतःच बाहेर येते का, ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणारी जादा गिअरची सोय) चालतं का, तारेची चाकं असतील तर ॲक्सिलरेटर सोडताना-दाबताना ठक असा आवाज येतो का, हे तपासा. तो आवाज चाकाच्या आणि हबच्या झिजलेल्या खाचांचा किंवा मागच्या ॲक्सलचा असतो. १९६७ आधीच्या गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर अलगद बसवणारी यंत्रणा) नाही, त्यामुळे थांबल्याशिवाय तो घातला तर खडखड होणारच. तो दोष नव्हे. पुढची चाकं ज्यांच्यावर वळतात त्या किंग पिनना पुष्कळदा ग्रीस दिलं जात नाही आणि त्या घट्ट होतात. ब्रेक आणि क्लचचं हायड्रॉलिक सगळं बदलायचंच आहे असं धरा.

दोन गाड्यांचा हिशेब

खालचे आकडे पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत. तुमच्या गावच्या गॅरेजचे दर वेगळे असतील, ते फोन करून घ्या. सगळे आकडे पौंडांत आणि २० टक्के व्हॅट धरून आहेत. हा कर विसरून हिशेब करणारे बरेच असतात. पाना-पक्कडची कामं तुम्ही स्वतः करणार, वेल्डिंग आणि रंग बाहेर देणार, आणि दोन्ही गाड्या क्रोम बंपरच्या रोडस्टर आहेत असं धरू. तयार झाल्यावर दोन्हींचा मधला भाव १५,००० धरू.

पहिली गाडी लाल, चकचकीत, इंजिन सुरू होतं, मागणी ३,५०० ची. खालून मात्र सिलवर पत्रे चढवलेले, चाकांच्या कमानीत पुट्टी. तिचा खर्च:

- नवे पॅनेल: २,०००
- वेल्डिंग, ९० तास, तासाला ५५: ४,९५०
- रंग: ५,०००
- ब्रेक, सस्पेन्शन, टायर: १,५००
- टप, सीट, आतलं सामान: १,५००
- क्रोम आणि रबर: ९००
- इंजिनाची किरकोळ कामं: ३००

बेरीज १६,१५०. झाकलेला गंज आहे म्हणून तरतूद २५ टक्के, म्हणजे साधारण ४,०५०. एकूण २०,२००. १५,००० मधून वजा केले तर उणे ५,२००. गाडी फुकट मिळाली तरी एवढा तोटा.

दुसरी गाडी कॅलिफोर्नियातून आलेली, उन्हाने रंग पांढरट पडलेला, टप फाटून गेलेला, इंजिन जाम. पत्रा मात्र कोरडा आणि मूळचा. मागणी ४,५०० ची. तिथे पॅनेल ३००, वेल्डिंग ८ तासांचे ४४०, रंग ५,०००, दुरुस्त केलेलं बदली इंजिन २,५००, ब्रेक-सस्पेन्शन-टायर १,५००, टप आणि सीट १,५००, क्रोम ५००. बेरीज ११,७४०. दिसतं तेवढंच काम असल्याने तरतूद १५ टक्के, म्हणजे सुमारे १,७६०. एकूण १३,५००. उरले अधिक १,५००.

आता हौसेची रक्कम २,५०० ठरवली असेल, तर दुसऱ्या गाडीची तुमची कमाल किंमत ४,००० झाली. पहिलीची अजूनही उणे २,७००. म्हणजे ती घ्यायचीच नाही. चालू इंजिनाची, चमकणारी, हजार पौंडांनी स्वस्त गाडी प्रत्यक्षात कितीतरी महाग, हे आकडे कागदावर मांडल्याशिवाय पटत नाही.

कॅलिफोर्नियाची ही दुसरी गाडी मूळची डाव्या स्टिअरिंगची असेल तर ते तसंच ठेवायचं की बदलायचं, तेही आधी ठरवा आणि दोन्हीकडे धरा. बदलणार असाल तर खर्च वाढतो, ठेवणार असाल तर ब्रिटनमधला तयार गाडीचा भाव कमी धरावा लागतो.

स्वतःच्या तासांचं काय? वेल्डिंग स्वतः शिकून करायची तयारी असेल तर पहिल्या गाडीचे जवळपास पाच हजार वाचतात. पण ९० तास ही अनुभवी माणसाची गती आहे. शिकाऊ हाताला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो, आणि आठवड्यातून एक शनिवार मिळणाऱ्या माणसाला त्याची वर्षं होतात. त्या काळात भाड्याचं गॅरेज असेल तर त्याचं भाडंही खर्चात लिहा. अर्धवट राहून पुन्हा विक्रीला आलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच या टप्प्यावर अडकलेल्या असतात. सुट्या केलेल्या अशा गाडीला आणखी कमी भाव द्या, कारण डब्यांत काय आहे आणि काय नाही, हे मोजायलाच दिवस जातात.

विक्रेत्याची खालची पायरी

विक्रेता अमुक आकड्याखाली जाणार नाही, त्यामागेही एक हिशेब असू शकतो. ओव्हरड्राइव्हचा गिअरबॉक्स, चांगली तारेची चाकं, कारखान्याचा कडक टप, शाबूत क्रोम बंपर, मूळचं ॲल्युमिनियमचं बॉनेट, हे सगळं सुटं विकलं तर बरे पैसे येतात. पाहणीच्या वेळी त्याची वेगळी यादी करा. तुमची कमाल किंमत या सुट्या विक्रीच्या रकमेपेक्षा कमी येत असेल, तर ती गाडी दुसऱ्या गाडीला भाग पुरवण्याच्याच लायकीची आहे. तिला उभी करायचा हट्ट धरू नका.

कागद आणि नंबर

ब्रिटनमध्ये व्ही५सी हे लॉगबुक, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, हातात असणं आणि त्यावरचा चासी नंबर इंजिनाच्या खणातल्या पट्टीशी जुळणं, हे पाहिल्याशिवाय पुढचं बोलू नये. लॉगबुक हरवलं असेल तर व्ही६२ अर्ज भरून नवं मागता येतं, पण विक्रेत्याने ते स्वतः काढून द्यावं, मग पैसे. जुनी नंबर प्लेट कधी कधी स्वतंत्रपणे मौल्यवान असते आणि विक्रेता ती काढून ठेवणार असतो. ती किमतीत धरली आहे की नाही, हे स्पष्ट विचारा.

सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकला की जुन्या एमओटी चाचण्यांचा (गाडीच्या वार्षिक सुरक्षा तपासणीचा) इतिहास फुकट दिसतो. त्यात ‘सिलजवळ गंज’ असा शेरा पंधरा वर्षांपूर्वी पडलेला असेल आणि नंतर दुरुस्तीचा काहीच पुरावा नसेल, तर वाटाघाटीत हा कागद फार उपयोगी पडतो. चाळीस वर्षांहून जुन्या, मोठे बदल न केलेल्या गाडीला आता एमओटी सक्तीची नाही आणि रस्ता करही माफ आहे. पण करमाफीसाठी अर्ज करावा लागतो, आणि एमओटी नसली तरी गाडी सुरक्षित असण्याची जबाबदारी मालकाचीच. मी तर काम झाल्यावर चाचणी करून घ्यावी असंच म्हणेन. दुसऱ्या डोळ्यांनी पाहिलेली गाडी विकतानाही सोपी जाते.

महाराष्ट्रात हाच हिशेब कसा बदलतो

मुंबई-पुण्यात उघड्या टपाची जुनी ब्रिटिश गाडी समोर आली तर वजाबाकी तीच करायची, फक्त खर्चाचं वजन उलटं होतं. पत्र्याचं हातकाम जाणणारे मिस्त्री आपल्याकडे अजून आहेत आणि त्यांची मजुरी ब्रिटनच्या तासाच्या दराजवळही जात नाही. सिलचा तुकडा विकत आणण्याऐवजी ते नव्या पत्र्यातून हाताने घडवून देतात. म्हणजे ९० तासांची धास्ती तितकी राहत नाही. पण प्रत्येक रबर, प्रत्येक काच, कार्ब्युरेटरचं प्रत्येक किट बाहेरून मागवायचं, त्यावर वाहतूक आणि सीमाशुल्क भरायचं. म्हणून इथे उलटी सावधगिरी: गंज परवडला, हरवलेले भाग परवडत नाहीत. दिवे, डॅशबोर्डवरचे मीटर, विंडस्क्रीनची चौकट, टपाचा सांगाडा जागेवर आहेत का, ते एकेक मोजा.

आणि कागद इथे सगळ्यात वर. केंद्राने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मुळात बदल न केलेली गाडी त्यात बसते, नंबरमध्ये ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि नोंदणी दहा वर्षांसाठी असते. या नंबरवर गाडी रोजच्या ये-जा करण्यासाठी किंवा धंद्यासाठी वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणं, अशा ठरावीक कामांसाठीच ती रस्त्यावर आणायची. रोज ऑफिसला नेण्याची इच्छा असेल तर किंमत ठरवण्याआधीच हे लक्षात घ्या. जुनं आरसी बुक नसलेली, आयातीचे कागद नसलेली गाडी कितीही सुंदर असली तरी तिची किंमत सुट्या भागांइतकीच धरावी. मुंबईतल्या व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाच्या सदस्यांपैकी कुणाशी तरी आधी बोलावं. कोणते कागद आरटीओत चालतात आणि कोणते परत येतात, हे त्यांनी अनुभवलेलं असतं.

बोली आणि पैसे

पाहणीला एकट्याने जाऊ नका. एमजी कार क्लब किंवा एमजी ओनर्स क्लबमधली एखादी जाणती व्यक्ती सोबत असेल तर उत्तम. नसेल तर निदान एमजीबी उघडून दुरुस्त केलेल्या एखाद्या मिस्त्रीला एका दिवसाचे पैसे देऊन न्या. दिवसा जा, गाडी कोरडी असताना जा, जुने कपडे घालून जा, टॉर्च आणि चुंबक घेऊन जा. खालचे पन्नास-साठ फोटो काढा. घरी येऊन दुसऱ्या दिवशी वेल्डरला ते दाखवा आणि त्याच्या तोंडून तासांचा आकडा घ्या. जागेवर बोली लावायची नाही, एवढा एक नियम कसोशीने पाळा.

मग कागदावरच्या कमाल किमतीपेक्षा खाली सुरुवात करा. वरच्या उदाहरणातल्या दुसऱ्या गाडीला मी ३,४०० म्हणेन आणि ४,००० च्या पुढे जाणार नाही. बोली सांगताना गाडीला नावं ठेवायची गरज नसते. बहुतेक विक्रेत्यांनी ती गाडी कधीतरी मनापासून उभी करायचं ठरवलेलं असतं. खर्चाची यादी त्यांच्यासमोर ठेवा, आकडे कुठून आले ते सांगा आणि बोली आठवडाभर कायम राहील असं म्हणून निघा. दुसरा ग्राहक आला नाही तर फोन येतो. आला आणि गाडी गेली, तर पाच लाखांहून जास्त बनलेल्या गाडीत पुढची शोधायला फार दिवस लागत नाहीत.

सौदा ठरल्यावर पैसे गाडी ट्रेलरवर चढताना बँकेतून पाठवा, आगाऊ नाही. पावतीवर चासी नंबर, इंजिन नंबर, तारीख, दोघांच्या सह्या आणि सोबत दिलेल्या सुट्या भागांची यादी लिहून घ्या. नंबर प्लेट विक्रेता ठेवून घेणार असेल तर तेही त्यात लिहा. गाडी घरी उतरवण्याआधी विमा काढा. चालत नसलेल्या, कामात असलेल्या गाडीसाठी वेगळी आणि स्वस्त पॉलिसी मिळते, त्यात आग आणि चोरी धरलेली असते. रस्त्यावर येणार नसेल तर एसओआरएनची, म्हणजे गाडी रस्त्यावर वापरात नसल्याची, सरकारी नोंद नव्या मालकाने स्वतःच्या नावाने पुन्हा करावी लागते, जुन्या मालकाची नोंद पुढे चालत नाही.